वाढत्या कवटीतला धातू

काही बाळांच्या कवटीच्या शिवणी वेळेआधीच जुळतात. पहिल्या वर्षात मेंदू जवळपास दुप्पट होतो, पण जुळलेल्या शिवणीच्या बाजूला त्याला जागा मिळत नाही आणि डोके वेडेवाकडे वाढते. फ्रेंच शल्यविशारद पॉल तेसिए यांनी १९६७ साली रोमच्या परिषदेत आपले काम मांडले. तेव्हापासून कवटी व चेहऱ्याची हाडे कापून नव्याने रचण्याच्या शस्त्रक्रियेला स्वतंत्र शाखेचे रूप येत गेले. हाडांचे तुकडे सुरुवातीला तारेने बांधत. १९८०च्या दशकात टायटॅनियमच्या बारीक पट्ट्या आणि स्क्रू आले. मोठ्यांच्या मोडलेल्या जबड्यांवर उपयोगी ठरलेली ही पद्धत बाळांच्या डोक्यावरही तितकीच चालेल, असे धरले गेले. चूक झाली ती या गृहीतकात.

बाळाची कवटी बाहेरून हाडाचा नवा थर चढवत आणि आतून जुना झिजवत वाढते. त्यामुळे हाडावर घट्ट बसवलेली पट्टी जागची न हलताही हळूहळू हाडात गाडली जाते आणि पुढे आतल्या बाजूला, मेंदूच्या आवरणापाशी निघते. १९९०च्या दशकात दुसऱ्या शस्त्रक्रियेसाठी कवटी पुन्हा उघडल्यावर शल्यविशारदांना असे स्क्रू आत सापडू लागले. अशा बहुतेक मुलांना त्रास झाला नाही, मग एवढा बाऊ कशाला, असा आक्षेप घेता येतो. तो निराधार नाही. पण ज्या मुलांवर पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते, त्यांच्या आवरणाला चिकटलेला धातू सोडवणे जोखमीचे असते. आणि बाळाच्या डोक्यात ठेवलेली वस्तू पुढची सत्तर वर्षे निरुपद्रवी राहील, याची हमी काही वर्षांच्या अनुभवावर देता येत नाही.

त्याच दशकात लॅक्टिक आणि ग्लायकोलिक आम्लांपासून बनवलेल्या, शरीरात विरघळणाऱ्या पट्ट्या आल्या. त्यांनीही कधी सूज येते, म्हणजे त्या निर्दोष नाहीत. पण त्यांचे काम हाड जुळेपर्यंतचे, आणि मुक्कामही कायमचा नाही. स्वीडनमधील गोटेनबर्गच्या क्लेस लॉरिट्झेन यांनी तर कवटी रुंदावण्यासाठी पोलादी स्प्रिंगच वापरल्या, त्या काही महिन्यांनी काढून घेण्याच्या बोलीवर. पोलाद हाही धातूच. म्हणजे दोष एकट्या धातूच्या माथी मारता येत नाही. वाढ थांबलेल्या हाडासाठी कायमचा आधार गुण ठरतो, वाढत्या हाडात तोच अडचण होतो. म्हणून मुलांसाठीचे साधन पारखताना ते किती घट्ट धरते याइतकेच ते केव्हा सोडते, हेही पाहावे लागते.