वासाची सवय

कोपर स्थानकाच्या फलाटावर उभे राहिले की दोन वास आमच्या ओळखीचे: एक ओहोटीच्या खाडीचा आणि, वारा तिकडून असेल तर, दुसरा डोंबिवलीच्या रासायनिक कारखान्यांचा. पाहुणा नाकाला रुमाल लावतो. आम्ही म्हणतो, ‘सवय झाली.’ या दोन शब्दांत नेमके काय घडलेले असते?

आपल्या परंपरेत गंधाचा विचार जुना आहे. वैशेषिकांनी गंध हा पृथ्वीचा विशेष गुण मानला आणि त्याचे सुरभी व असुरभी असे दोन प्रकार केले. मराठी अधिक चोखंदळ: खमंग, खवट, कुबट, आंबूस. तरी दोन्हीकडे गंध वस्तूचा असतो; तो घेणाऱ्याचा विचार मागे राहतो.

तो विचार मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत नव्याने झाला. होमी भाभांच्या निमंत्रणावरून १९६२ साली तेथे आलेले ओबैद सिद्दीकी पुढे पिकल्या फळांवर घिरट्या घालणाऱ्या चिलटांकडे वळले. केनियात जन्मलेल्या, मूळ गोव्याच्या कुटुंबातील व्हेरोनिका रॉड्रिग्ज त्यांच्या विद्यार्थिनी. १९७८ साली दोघांनी चिलटांच्या गंध व रुचीवरील संशोधन प्रसिद्ध केले. जनुकीय बदलामुळे काही ठरावीक वास न जाणवणारी चिलटे त्यांनी वेगळी काढली. म्हणजे गंध जितका वस्तूचा, तितकाच घेणाऱ्याच्या घडणीचा. १९९१ साली लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांनी उंदरांमधील गंधग्राहींची जनुके शोधली. २००४ साली त्यांना नोबेल मिळाले.

रॉड्रिग्ज २०१० साली निवर्तल्या. त्यांचा सहभाग असलेला एक निबंध पुढच्याच वर्षी प्रसिद्ध झाला. त्याचा विषय होता सवय. तोच वास सतत येत राहिला की चिलट त्याची दखल घेईनासे होते. पण त्याचे नाक बधिर झालेले नसते. मेंदूतल्या दमन करणाऱ्या पेशी त्या वासाचा संदेश दाबून धरतात.

चिलटावरून माणसाविषयी बोलताना सावध राहावे, हे खरे. तरीही ‘सवय झाली’ याचा अर्थ ‘वास गेला’ असा होत नाही, एवढे आम्ही त्यातून घेतो. डोंबिवलीत २०१४ साली हिरवा पाऊस पडला, २०२० साली रस्ता गुलाबी झाला. दोन्हींची बातमी झाली, कारण रंग दिसतो. वासाला साक्षीदार लागतो, आणि इथे राहणारा साक्षीदार लवकरच मुका होतो. म्हणून पाहुण्याच्या रुमालाला आम्ही आता हसत नाही.