ग्रंथपाल ऑनलाइन आहेत

ग्रंथपालानं पुस्तकं राखायची की वाचकाला हवं ते शोधून द्यायचं? अमेरिकेत वुस्टरच्या सार्वजनिक ग्रंथालयातल्या सॅम्युएल ग्रीन यांनी १८७६ साली एक लेख लिहून याचं उत्तर देऊन टाकलं. गिऱ्हाईक रिकाम्या हातानं गेलं तर दुकानदाराला जसं वाटतं, तसंच वाचक उत्तराशिवाय गेला तर ग्रंथपालाला वाटावं, असं त्यांचं म्हणणं. आपण जिला संदर्भसेवा म्हणतो तिची सुरुवात तिथून मानतात. आपल्या रंगनाथनांनी १९३१ मध्ये पाच सूत्रं मांडली, त्यातलं चौथं वाचकाचा वेळ वाचवण्याचं.

पण टेबलापर्यंत जायचं कोणी? इतकी वर्षं वर्गात उभं राहून एक गोष्ट पक्की कळली : शंका असते सगळ्यांना, विचारतात चारजण. बाकीचे "आपलं अज्ञान दिसेल" म्हणून गप्प बसतात.

ही अडचण थोडीफार सोडवली ती चक्क पोरांच्या गप्पांच्या खेळण्यानं. एओएल कंपनीचा इन्स्टंट मेसेंजर मे १९९७ मध्ये आला आणि अमेरिकन कॉलेजातली मुलं रात्र-रात्र त्यावर पडीक राहू लागली. न्यू यॉर्क राज्यातल्या मॉरिसव्हिलच्या कॉलेज ग्रंथालयानं १९९८ च्या सुमारास त्याच मेसेंजरवर वाचकांचे प्रश्न घ्यायला सुरुवात केली. मोठ्या ग्रंथालयांनी मात्र कॉल सेंटरसाठी बनलेली महागडी सॉफ्टवेअर्स घेतली. ती जड होती, मध्येच अडकायची. फुकटातला मेसेंजर त्यांना पुरून उरला, कारण मुलं आधीच तिथे होती!

कटकटी होत्याच. एकजण याहूवर, दुसरा एमएसएनवर, आणि यांचं एकमेकांशी बोलणं नाही. मग ट्रिलियन, गेम अशा प्रोग्रॅममधून सगळी खाती एकाच खिडकीत आणायची. (या 'गेम'चं नाव एओएलच्या हरकतीमुळे २००७ मध्ये 'पिजिन' झालं, आणि चिन्ह जांभळं कबूतर. निरोप्याला याहून योग्य पक्षी कोणता?) २००६ मध्ये 'मीबो'नं तर गप्पांची चौकटच ग्रंथालयाच्या पानावर चिकटवायची सोय केली. खातं नको, नाव नको, लिहा आणि विचारा.

कर्मचाऱ्यांचीही सोय झाली. वाचक समोर उभा असताना त्याला सोडून न जाता वरच्या मजल्यावरच्या जाणकाराला दोन ओळीत विचारता येऊ लागलं. फोनवर हेच बोललं असतं तर वाचकाचा प्रश्न आजूबाजूच्या सगळ्यांनी ऐकला असता.

आता दुसरी बाजू. तोंडी विचारलेला प्रश्न हवेत विरतो, लिहिलेला कुठेतरी साठतो. तोही परक्या कंपनीच्या संगणकावर. ही भीती पोकळ नव्हती. २००५ मध्ये एफबीआयनं कनेक्टिकटमधल्या ग्रंथालयांच्या एका संस्थेकडे संगणक वापरणाऱ्याची माहिती मागितली, वर याची वाच्यताही करायची नाही असं बजावलं. तिथले चार ग्रंथपाल कोर्टात गेले. २००६ मध्ये तोंडबंदी उठली, मागणीही मागे घेतली गेली. ते प्रकरण मेसेंजरचं नव्हतं, पण कोण काय वाचतो, काय विचारतो हे सरकारला सांगायचं का, हा प्रश्न तोच. अनेक ग्रंथालयं झालेल्या संभाषणातून नावगाव पुसून टाकू लागली ती याच काळजीनं. लाजऱ्या मुलाला दार उघडून द्यायचं आणि मागे त्याची वही चाळायची, हे मला तरी शोभणारं वाटत नाही.

पुढे मेसेंजरच गेले. गूगलनं विकत घेतल्यावर महिन्याभरात, जुलै २०१२ मध्ये मीबो बंद. ग्रंथालयांना घाईघाईनं दुसऱ्या चौकटी शोधाव्या लागल्या. एओएलचा मेसेंजर डिसेंबर २०१७ मध्ये, याहूचा जुलै २०१८ मध्ये मिटला. सेवा मात्र टिकली, खास ग्रंथालयांसाठी बनवलेल्या सॉफ्टवेअरवर. काही ठिकाणी आता आधी यंत्रच उत्तर देतं आणि माणसाशी बोलायचं असेल तर वेगळी कळ दाबावी लागते. मी तरी आधी तीच दाबेन.