माळ्यावरच्या ३४० प्रती

दिवाळीच्या आधीचा एक शनिवार आमच्याकडे माळा साफ करण्यासाठी राखीव असतो. आईचा हुकूम असतो आणि त्यापुढे रिलीज, डेडलाइन वगैरे सबबी चालत नाहीत. यंदा मी स्टुलावर, आई खाली. वरून तांब्याचा बंब उतरला, माझी मोडकी सायकल-टोपली उतरली आणि सगळ्यात मागून निघाले ब्राऊन पेपरात बांधून सुतळीने आवळलेले गठ्ठे. बाबांचं पुस्तक. मोजले, ३४० प्रती.

बाबा पाटबंधारे खात्यात होते. कालव्यांवर फिरताना भेटलेल्या माणसांच्या गोष्टी ते रात्री वहीत लिहायचे. अकरा वर्षं लिहीत होते. १९९४ साली त्याचं पुस्तक झालं. झालं म्हणजे बाबांनी केलं. आधी बाड तीन प्रकाशकांकडे फिरलं. एकाकडून साभार परत, दुसऱ्याचं उत्तरच नाही, आणि तिसऱ्याने 'सहकार्य तत्त्वावर काढू' असं कळवलं. ज्यांना हा शब्द माहीत नाही त्यांच्यासाठी अर्थ: नाव प्रकाशकाचं, पैसे लेखकाचे. बाबा म्हणाले, पैसे माझेच जायचेत तर नावही माझंच असू दे. प्रॉव्हिडंट फंडातून बावीस हजार काढले, साताऱ्यात एका प्रेसमध्ये पाचशे प्रती छापून घेतल्या. आई त्या बावीस हजारांचा उल्लेख अजूनही अधूनमधून करते. बाबा जाऊन आता चार वर्षं झाली.

आता मी पडलो सॉफ्टवेअरवाला. गठ्ठे बघून पहिला विचार आला तो म्हणजे 'किंडलवर टाकू'. आणि टाकायला बसलो तर फॉर्म भरण्याऐवजी ही व्यवस्था मुळात आली कुठून हे वाचत बसलो. त्यात दोन विकेंड गेले. त्यातलं जे डोक्यात राहिलं ते इथे उतरवून ठेवतोय.

पहिला प्रश्न: पाचशेच प्रती का? शंभर का नाहीत? कारण ऑफसेट छपाईत प्लेट करणं, मशीन लावणं हा खर्च एक प्रत छापा नाहीतर हजार, तेवढाच असतो. शंभर छापल्या तर एकेक प्रत सोन्याच्या भावात पडते. म्हणून आधी पैसे घाला, मग गिऱ्हाईक शोधा. प्रकाशक नावाचा माणूस मुख्यतः हा जुगार खेळतो. संपादन, मुखपृष्ठ, वितरण हे सगळं करतो (काही करतात, काही नाही), पण बुडाली तर रक्कम त्याची बुडते, आणि म्हणूनच 'हे छापायचं की नाही' हे ठरवायचा अधिकार त्याच्याकडे येतो.

हा अधिकार किती जड असतो याचं आपल्याकडचं उदाहरण म्हणजे महात्मा फुल्यांचा 'शेतकऱ्याचा असूड'. १८८३ साली लिहून झाला. 'दीनबंधु'त सुरुवातीची दोन प्रकरणं आली आणि पुढची छापायला संपादक नारायण मेघाजी लोखंडे तयार होईनात. लोखंडे म्हणजे कोणी परके नव्हेत, सत्यशोधक चळवळीतलेच. फुल्यांनी मग गावोगावी सभा घेऊन तो वाचून दाखवला, बडोद्याला सयाजीराव महाराजांनाही ऐकवला. पण त्यांच्या हयातीत पूर्ण पुस्तक काही निघालं नाही. आपला माणूस दारात उभा असला तरी दार ते दारच.

तर हे दार हळूहळू किलकिलं व्हायला लागलं ते नव्वदच्या दशकाच्या शेवटी. अमेरिकेत इन्ग्रॅम या पुस्तकांच्या मोठ्या घाऊक व्यापाऱ्यांनी १९९७ मध्ये 'लायटनिंग प्रिंट' सुरू केलं. ऑर्डर आली की तेवढीच प्रत छापायची, अगदी एकसुद्धा. २००२ मध्ये बॉब यंगने 'लुलू' काढलं. हा रेड हॅटच्या संस्थापकांपैकी एक, म्हणजे आपल्याच जातकुळीतला माणूस. २००५ मध्ये अॅमेझॉनने बुकसर्ज आणि कस्टमफ्लिक्स अशा दोन कंपन्या विकत घेतल्या, त्यांचंच पुढे 'क्रिएटस्पेस' झालं आणि २०१८ मध्ये तेही किंडलच्या व्यवस्थेत मिसळून गेलं. आपल्याकडे बंगलोरला 'पोथी डॉट कॉम' २००८ मध्ये सुरू झालं. थोडक्यात, माळ्यावर गठ्ठे ठेवायची गरज तेव्हाच संपली होती. बाबांना दहा-चौदा वर्षं घाई झाली एवढंच.

पण खरी उलथापालथ झाली १९ नोव्हेंबर २००७ ला. त्या दिवशी पहिलं किंडल विक्रीला आलं, किंमत ३९९ डॉलर, आणि साडेपाच तासांत संपलं. बातम्या सगळ्या त्या यंत्राच्या झाल्या. त्याच्याबरोबर एक साधं वेबपेजही सुरू झालं होतं: फाइल चढवा, किंमत टाका, पुस्तक दुकानात. त्याचं नाव डिजिटल टेक्स्ट प्लॅटफॉर्म, म्हणजे डीटीपी! हे वाचून मी एकटाच हसलो. बाबांनी ज्या डीटीपीवाल्याकडे प्रुफं तपासायला महिनाभर चकरा मारल्या, तो एका पानाचे पैसे घ्यायचा. हा डीटीपी काहीच घेत नव्हता. फक्त विक्रीतले ६५ टक्के ठेवून घ्यायचा आणि लेखकाला ३५ द्यायचा. पुढे त्याचं नाव किंडल डायरेक्ट पब्लिशिंग, केडीपी, झालं.

कुणीही काहीही चढवू शकतं याचा अर्थ काय ते जुलै २००९ मध्ये कळलं. हक्क नसताना एका कंपनीने ऑर्वेलची '१९८४' आणि 'अॅनिमल फार्म' याच सोयीतून विकायला ठेवली होती. तक्रार आल्यावर अॅमेझॉनने नुसती विक्री थांबवली नाही, तर लोकांनी पैसे देऊन घेतलेल्या प्रती त्यांच्या किंडलवरून परस्पर पुसून टाकल्या. पैसे परत केले, पण मिशिगनमधल्या एका शाळकरी मुलाने अभ्यासासाठी काढलेल्या नोट्सही निकामी झाल्या, आणि तो कोर्टात गेला. बेझोसने जाहीर माफी मागितली. पुस्तकं कुठली, तर 'बिग ब्रदर'ची. कथेत कुणी लिहिलं असतं तर संपादकाने 'फार ढोबळ' म्हणून कापलं असतं.

आता माझा आवडता भाग. जानेवारी २०१० मध्ये, अॅपलचा आयपॅड जाहीर होण्याच्या बरोबर आठवडाभर आधी, अॅमेझॉनने सांगितलं की ३० जूनपासून लेखकाला ७० टक्के मिळतील. अट एकच महत्त्वाची: किंमत २.९९ ते ९.९९ डॉलरच्या मधे हवी. बाहेर गेलात की परत ३५. आता हा 'इफ-एल्स' जरा चालवून बघा. ९.९९ ला विकलं तर लेखकाला साधारण सात डॉलर. दहा डॉलरला विकलं तर साडेतीन. तेच सात डॉलर हवे असतील तर किंमत थेट वीसला न्यावी लागते. म्हणजे दहा ते वीसच्या मधली किंमत लावणारा लेखक स्वतःचंच नुकसान करून घेतो. कुणावर बंदी नाही, कुणाला साभार परत नाही. नुसती एक कंडिशन लिहिली आणि लाखो लेखक आपण होऊन रांगेत उभे राहिले.

त्या रांगेत सगळ्यात आधी चमकली ती अमांडा हॉकिंग. मिनेसोटातल्या ऑस्टिन नावाच्या छोट्या गावातली मुलगी, एजंटांच्या नकारांचा ढीग जमलेला. शिकागोला मपेट्सचं प्रदर्शन बघायला जायचं होतं, त्यासाठी तीनशे डॉलर हवे होते, म्हणून एप्रिल २०१० मध्ये तिने पडून असलेल्या कादंबऱ्या चढवायला सुरुवात केली. वर्षभरात दहा लाखांच्या घरात प्रती गेल्या. आणि मार्च २०११ मध्ये तिने काय केलं? सेंट मार्टिन्स प्रेस या प्रस्थापित प्रकाशकाशी चार पुस्तकांचा वीस लाख डॉलरचा करार केला! लोकांना हा विश्वासघात वाटला. तिचं म्हणणं साधं होतं: मला लिहायचंय, ईमेल, मुखपृष्ठं आणि फॉरमॅटिंग यांत आठवडा घालवायचा नाहीये. ज्याने कधी रिलीजच्या आदल्या रात्री डॉक्युमेंटेशन केलंय त्याला हे पटावं.

अँडी वेअर तर प्रोग्रामरच. 'द मार्शियन' तो आपल्या साइटवर प्रकरणाप्रकरणाने फुकट टाकत होता. वाचकच म्हणाले किंडलवर टाक, म्हणून परवानगी होती तितक्या कमी किमतीला, ९९ सेंटला टाकलं. फुकट मिळत असतानाही तीन महिन्यांत ३५,००० प्रती विकल्या गेल्या. मग क्राउनचं पुस्तक आणि २०१५ मध्ये सिनेमा.

आणि जॉन लॉक. जून २०११ मध्ये किंडलवर दहा लाख प्रती विकणारा पहिला स्वयंप्रकाशित लेखक. 'मी दहा लाख कसे विकले' हेही पुस्तक त्याने लिहिलं. त्यात एक गोष्ट सांगायची राहिली. ती ऑगस्ट २०१२ मध्ये 'न्यू यॉर्क टाइम्स'ने सांगितली: त्याने तीनशेच्या वर रिव्ह्यू पैसे देऊन लिहून घेतले होते. (फार नाकं मुरडू नका. वॉल्ट व्हिटमनने १८५५ मध्ये 'लीव्हज ऑफ ग्रास' पदरमोड करून काढलं आणि त्याची स्तुतिपर परीक्षणं निनावी स्वतःच लिहिली. लॉकने आउटसोर्स केलं, इतकंच.)

प्रकाशक गेला तेव्हा 'काय छापायचं' हा निर्णय लेखकाकडे आला असं सगळ्यांना वाटलं. मला वाटतं तो थोडासाच लेखकाकडे आला, बाकीचा दुकानदाराकडे गेला. याचा पुरावा जुलै २०१४ नंतरचा आहे. तेव्हा 'किंडल अनलिमिटेड' आलं: महिन्याला ठरावीक पैसे भरा, हवी ती पुस्तकं वाचा. वाचकाने दहा टक्के वाचलं की लेखकाला ठरलेला वाटा, पुस्तक वीस पानी असो की सहाशे. मग काय, पुस्तिकांचा पूर. कादंबऱ्यांचे तुकडे करून भाग एक, भाग दोन. जुलै २०१५ मध्ये नियम बदलून वाचलेल्या पानांवर पैसे द्यायला लागले, पानाला साधारण अर्धा सेंट. लगेच पुस्तकं फुगायला लागली. त्यातही एक बग होता: वाचक किती पानं वाचतो हे कळत नव्हतं, किती पुढे पोचला एवढंच कळायचं. मग पहिल्या पानावर 'शेवटी तुमच्यासाठी भेट आहे, इथे क्लिक करा' अशी लिंक. एक क्लिक, तीन हजार पानांचे पैसे! हे बंद करता करता अॅमेझॉनला काही वर्षं लागली. जशी मोजपट्टी तसा माल, हे आपल्याकडे कोडच्या ओळी मोजणाऱ्या मॅनेजरच्या हाताखाली काम केलेल्याला वेगळं सांगायला नको.

शेवटचा टप्पा सप्टेंबर २०२३ चा. यंत्राकडून लिहवून घेतलेल्या पुस्तकांचा लोंढा आला तेव्हा अॅमेझॉनने मर्यादा घातली: एका खात्यातून दिवसाला तीनच नवी पुस्तकं. दिवसाला तीन! बाबांची अकरा वर्षं आठवली.

असो. बाबांच्या पुस्तकाचं सांगतो. मराठीला तिथे रीतसर जागा मिळाली ती डिसेंबर २०१६ मध्ये, हिंदी, तमिळ, गुजराती, मल्याळमबरोबर. प्रेसमधली मूळ फाइल मिळणं अशक्यच होतं. आणि मिळाली असती तरी त्या काळचे फॉन्ट युनिकोड नव्हेत, उघडल्यावर नुसती चिन्हांची भेळ दिसली असती. पानं स्कॅन केली, ओसीआर मारला आणि मग आई आणि मी रात्री बसून ओळ न ओळ तपासली. ओसीआरने 'पाट'चा 'पाठ' केला होता जवळजवळ सगळीकडे. आई प्रुफं वाचता वाचता थांबायची आणि म्हणायची, "हा वाघोलीचा चौकीदार, तो आपल्याकडे जेवून गेलाय." बावीस हजारांचा विषय त्या आठवड्यात निघाला नाही.

मग तो फॉर्म. किंमत ९९ रुपये. त्याखाली चौकोन: केडीपी सिलेक्ट. भारतातल्या विक्रीवर ७० टक्के हवे असतील तर त्यात नाव नोंदवावं लागतं, आणि नोंदवलं की नव्वद दिवस पुस्तकाची डिजिटल प्रत दुसरीकडे कुठेही देता येत नाही, फुकटसुद्धा. इकडे बाबांच्या खात्यातले रिटायर झालेले लोक, त्यांचा व्हॉट्सअॅप ग्रुप, त्यातले निम्मे मोतीबिंदूवाले. त्यांना पीडीएफ हवी होती, मोठ्या अक्षरातली. मी आईला गणित समजावलं. सत्तर म्हणजे साधारण ६९ रुपये, पस्तीस म्हणजे ३५. ती म्हणाली, "त्यांना आधी पाठव." चौकोन रिकामा ठेवला.

पाचशेतल्या ३४० उरल्या म्हणजे १६० गेल्या. त्या कुणाकुणाला गेल्या हे आम्हाला माहीत आहे, कारण बाबांनी एक डायरी ठेवली होती. अनुक्रमांक, नाव, गाव, 'रोख' किंवा 'भेट'. सोळा पानं भरली आहेत. किंडलच्या रिपोर्टमध्ये नाव नसतं, गाव नसतं. किती प्रती आणि कुठल्या देशाच्या दुकानातून, एवढंच लेखकाला कळतं. तीन आठवडे आकडा शून्यावर होता. मागच्या रविवारी सकाळी एक झाला. अॅमेझॉनचं जर्मनीचं दुकान. आमचं तिकडे कुणीही नाही.

आईने चष्मा लावला, डायरी काढली आणि शेवटच्या ओळीखाली लिहिलं: १६१. जर्मनी. रोख.