बंदुकीपासून भिंगापर्यंत : पक्षिनिरीक्षणाच्या दुर्बिणीचे मोल

बेलूर म्हटले की हळेबीडशेजारचे चेन्नकेशवाचे देऊळ डोळ्यांपुढे उभे राहते. आम्हांला येथे अभिप्रेत आहे ते बेलूर निराळे. धारवाडहून कित्तूर-बेळगावकडे जाणाऱ्या महामार्गालगतचे हे बेलूर आज औद्योगिक वसाहतीमुळे ओळखले जाते. त्याला शिल्पाचे वैभव नाही. परंतु भूगोलाने त्याला एक वेगळे दान दिले आहे. पश्चिमेस काही कोसांवर मलनाडाची झाडी सुरू होते आणि पूर्वेस काळ्या मातीचा उघडा मुलूख थेट गदगपर्यंत पसरत जातो. दांडेलीच्या रानातला धनेश आणि मागडीच्या तळ्यावर हिवाळ्यात हिमालयापलीकडून उतरणारे पट्टकादंब हंस हे दोन्ही येथून एका दिवसाच्या प्रवासात पाहता येतात. अशा ठिकाणी पक्षी पाहू इच्छिणाऱ्यास पहिला प्रश्न पडतो तो दुर्बिणीचा. उत्तम म्हणून गणल्या गेलेल्या दुर्बिणीची किंमत आज दोन लाख रुपयांच्याही पुढे जाते. एवढे द्रव्य नेमके कशाचे मोल असते, हे समजून घ्यायचे तर थोडे मागे जावे लागते.

या मुलखातील पक्ष्यांच्या शास्त्रीय नोंदी प्रथम बंदुकीने लिहिल्या गेल्या. कंपनी सरकारच्या लष्करातील साइक्स याने दख्खनमधील पक्ष्यांची यादी १८३२ साली लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेच्या वृत्तात प्रसिद्ध केली. पुढे १८८१ साली बटलर या लष्करी अधिकाऱ्याने दख्खन व 'दक्षिण मराठा मुलूख' यांतील पक्ष्यांची यादी 'स्ट्रे फेदर्स' या नियतकालिकात छापली. हा दक्षिण मराठा मुलूख म्हणजे बेळगाव, धारवाड हाच आपला प्रदेश. त्या नियतकालिकाचे संस्थापक अ‍ॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी १८८५ साली ब्रिटिश म्युझियमला दिलेल्या नमुन्यांची संख्या ऐंशी हजारांच्या आसपास होती. त्या काळचा दंडकच असा होता की, हाती पडला तो पक्षी खरा आणि निसटला तो केवळ ऐकीव. वटवट्या किंवा तिरचिमणी यांसारख्या एकमेकांशी साम्य असलेल्या पक्ष्यांची ओळख पंखांतील पिसे मोजल्याखेरीज पटत नसे, आणि जिवंत पक्षी पिसे मोजू देत नाही. या शिकाऱ्यांना केवळ क्रूर म्हणून मोडीत काढणे सोपे आहे, पण ते न्याय्य होणार नाही. त्यांच्यापाशी दुसरे साधनच नव्हते. सालिम अली यांच्या पक्षिजीवनाची सुरुवातही १९०८ साली छऱ्याच्या बंदुकीने पाडलेल्या पिवळ्या कंठाच्या चिमणीपासूनच झाली.

दुर्बीण तोवर नव्हती असे नाही. १६०८ साली हॉलंडमध्ये लिपरशे याने तिचा हक्क मागितला होता. परंतु एका नळीची दुर्बीण लांब असे आणि ती उडत्या पक्ष्यामागे फिरवणे कठीण जाई. नाटकगृहात वापरली जाणारी दोन नळ्यांची दुर्बीण आटोपशीर असली तरी तिचे दृष्टिक्षेत्र फारच चिंचोळे होते. इटलीतील इग्नात्सियो पोरो याने १८५४ साली लोलकांच्या साहाय्याने प्रकाशाची वाट दुमडून उलटी प्रतिमा सुलटी करण्याची युक्ती शोधली. मात्र तिला साजेशी निर्दोष काच मिळण्यास चार दशके जावी लागली. जर्मनीतील येना येथे अ‍ॅबे, शॉट आणि झाइस यांच्या सहकार्यातून ती काच सिद्ध झाली आणि १८९४ साली झाइसची लोलकयुक्त दुर्बीण बाजारात आली. दुर्बिणीचा आधुनिक इतिहास येथून सुरू होतो, असे म्हणण्यास हरकत नाही.

१९०१ साली एडमंड सीलस या इंग्रज लेखकाने बंदूक ठेवून दुर्बीण उचला, असा आग्रह धरणारे पुस्तक लिहिले. पण दुर्बीण सामान्यांच्या हाती दिली ती ग्रंथांनी नव्हे, तर युद्धांनी. दोन्ही महायुद्धांत सैन्यासाठी तिचे प्रचंड उत्पादन झाले आणि दुसऱ्या युद्धानंतर सैन्याने विकून टाकलेल्या दुर्बिणी इंग्लंडमधील हौशी माणसांच्या गळ्यात आल्या. शत्रूचा शोध घेण्यासाठी घडवलेले साधन अशा रीतीने पाखरांच्या कामी आले. भारतात मात्र ही लाट पोचली नाही. सालिम अलींचे 'द बुक ऑफ इंडियन बर्ड्स' १९४१ साली प्रसिद्ध झाले आणि पुस्तक घरोघर गेले. दुर्बीण तशी गेली नाही. उपभोग्य वस्तूंच्या आयातीवरील परवान्यांचे शेवटचे बंध २००१ साली सुटेपर्यंत परदेशी दुर्बीण ही बहुधा परदेशातून येणाऱ्या नातलगाच्या पेटीतून येणारी वस्तू राहिली.

आता त्या दोन लाखांकडे वळू. दुर्बिणीवर ८×४२ असे लिहिलेले असते. यातील पहिला आकडा वस्तू किती पट मोठी दिसेल ते सांगतो, तर दुसरा आकडा पुढील भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये देतो. दुसऱ्यास पहिल्याने भागले की डोळ्यात उतरणाऱ्या प्रकाशझोताची जाडी मिळते : ८×४२ ची सव्वापाच मिलिमीटर, १०×४२ ची ४.२, ८×३२ ची ४. दांडेलीच्या सावलीत पहाटे बाहुली विस्तारलेली असते. तेथे जाड झोत उपयोगी पडतो. बेलूरच्या उघड्या माळावर, भर उन्हात, दूरवर घिरट्या घालणाऱ्या भोवत्यासाठी दहापट वर्धन बरे वाटते. पण तेथे हाताचा कंपही दहापट होतो.

काचेच्या प्रत्येक उघड्या पृष्ठभागावर सुमारे चार टक्के प्रकाश परावर्तित होतो. असे दहा पृष्ठभाग ओलांडताना जवळजवळ एक तृतीयांश प्रकाश वाया जातो. झाइसमधील स्माकुला याने १९३५ साली शोधलेल्या विलेपनाने ही गळती थांबवली. आज उत्तम दुर्बिणीतून नव्वद टक्क्यांच्या आसपास प्रकाश डोळ्यापर्यंत पोचतो. सरळ नळ्यांच्या सडपातळ दुर्बिणीत छपरासारख्या आकाराचे लोलक असतात. त्यांत प्रकाशाचे दोन भाग होऊन त्यांचा मेळ किंचित बिघडतो व प्रतिमा फिकी पडते. या दोषावर १९८८ साली झाइसने कला-विलेपनाचा उपाय आणला. त्यानंतर फ्लोराइडयुक्त काचेने कडांवरची जांभळी-हिरवी झाक आवरली.

हे सर्व गुण एकत्र आले की आजची अव्वल त्रयी तयार होते. ऑस्ट्रियातील स्वारोव्स्कीची 'एनएल प्युअर' (२०२०), झाइसची 'व्हिक्टरी एसएफ' (२०१४) आणि लायकाची 'नॉक्टिव्हिड' (२०१६) यांच्या ८×४२ नमुन्यांची वजने अनुक्रमे सुमारे ८४०, ७८० आणि ८६० ग्रॅम आहेत. हजार मीटरवरील दृष्टिक्षेत्र अनुक्रमे १५९, १४८ आणि १३५ मीटर. स्वारोव्स्कीचे क्षेत्र सर्वांत विस्तीर्ण; झाइसचा तोल नेत्रिकेकडे झुकलेला असल्याने ती हातात हलकी भासते; लायका लहानखुरी व रंगांत समृद्ध. दिवसभर गळ्यात बाळगताना ऐंशी ग्रॅमचा फरकही मानेला कळतो. या तिघींच्या शेजारी निकॉनची 'मोनार्क एम७' ठेवावी : वजन ६७० ग्रॅम, दृष्टिक्षेत्र १४५ मीटर आणि किंमत पाचव्या हिश्श्याच्या आतबाहेर. भर दुपारी मागडीच्या काठी हंसाच्या डोक्यावरील दोन काळे पट्टे तीही तेवढेच स्पष्ट दाखवते. फरक पडतो तो सांजवेळी, सूर्यासमोर, आणि क्षेत्राच्या अगदी कडेला. म्हणजे उरलेले चार हिस्से आपण शेवटच्या दहा मिनिटांच्या उजेडासाठी मोजतो.

त्या दहा मिनिटांचे मोल कमी आहे, असे आमचे म्हणणे नाही. बंदुकीच्या काळात खात्रीची किंमत पक्षी चुकवत असे. आज ती पाहणारा चुकवतो, ही प्रगतीच आहे. परंतु बटलरच्या यादीशी आजचा मुलूख ताडून पाहणे हे येथील खरे काम शिल्लक आहे. काळविटांसाठी राखलेल्या राणीबेन्नूरच्या माळावरून माळढोक नाहीसा झाला. बेलूरसारख्या माळांवर कारखान्यांच्या भिंती उभ्या राहिल्या. कोणते चंडोल अजून टिकून आहेत, कोणत्या तिरचिमण्या येणे थांबल्या, याच्या नोंदी ठेवायला एक जोडी डोळे पुरत नाहीत. एका अव्वल दुर्बिणीच्या किमतीत पाच चांगल्या दुर्बिणी येतात, आणि त्या गावच्या शाळेत किंवा वाचनालयात पुस्तकांप्रमाणे घरी नेण्यास ठेवता येतात. निवड ज्याने त्याने करावी. आमच्यापुरते विचाराल तर आम्ही पाच दुर्बिणींच्या बाजूने कौल देऊ. कारण या मुलखाची पहिली यादी बाहेरून आलेल्या थोड्या माणसांनी लिहिली, दुसरी तरी येथल्या पुष्कळांनी मिळून लिहावी.