तळटीप : बेंजो आणि गिटार

१. बेंजो : महाड-पोलादपूरकडे गणपतीच्या मिरवणुकीत किंवा लग्नाच्या वरातीत वाजणारा बेंजो म्हणजे अमेरिकी बँजो नव्हे. हा बुलबुलतरंगाचा विजेवरचा अवतार. त्याचा पूर्वज जपानी ताइशोगोतो, नागोयाच्या गोरो मोरिता यांनी १९१२ साली घडवलेला.

लांबट लाकडी पेटीवर तारा ताणलेल्या असतात. डाव्या हाताने टाइपरायटरसारख्या कळा दाबायच्या, उजव्या हातातल्या नखीने तारा छेडायच्या. तारांजवळ पिकअप असतो, म्हणजे बारीक तांब्याची तार गुंडाळलेले चुंबक. पोलादी तार थरथरली की त्या गुंडाळीत क्षीण वीज उमटते. पुढचे काम अँप्लिफायर आणि भोंग्यांचे.

इलेक्ट्रिक गिटारचे तंत्रही हेच.

युरोपात तर कळांच्या वाद्यांचे कारागीरच गिटारकडे वळले. स्वीडनची हॅगस्ट्रॉम आणि इटलीची एको या मूळच्या अकॉर्डियनवाल्या. १९५०च्या दशकाअखेरीपासून त्यांनी अकॉर्डियनचे चकाकते सेल्युलॉइड गिटारवर चढवले, आवाजाचा पोत बदलायला दाबायची बटणे बसवली. आज संग्राहक जुने वाद्य ओळखायला याच खुणा शोधतात. वाद्याचा अस्सलपणा त्याचा कर्ताच उत्तम ओळखतो. बीटल्सच्या पॉल मॅकार्टनी यांनी १९६१ मध्ये हँबर्गला घेतलेले होफ्नरचे बास गिटार १९७२ मध्ये चोरीला गेले. पन्नासेक वर्षांनी ते सापडले, तेव्हा अस्सलपणाची खात्री खुद्द होफ्नर कंपनीने केली.

म्हणून आपल्याकडे कुणाच्या माळ्यावर जुना बेंजो असेल, तर नवा रंग चढवण्याआधी मूळ पिकअप आणि कारागिराच्या नावाची पट्टी तेवढी जपावी. – संपा.