तळटीप १४ : ‘फाईट’ आणि ‘ॲग्रेसिव्ह रेट’

१४. शिरोली एमआयडीसी ही हातकणंगले तालुक्यातील, पुणे-बंगळुरू महामार्गालगतची औद्योगिक वसाहत. फौंड्री आणि मशीन शॉप हे तिथले मुख्य धंदे. लेखक म्हणतो ती ‘फाईट’ म्हणजे हाणामारी नव्हे, एकाच ऑर्डरसाठी कारखान्यांत लागलेली भावाची चढाओढ. ‘ॲग्रेसिव्ह रेट’ म्हणजे ऑर्डर हातची जाऊ नये म्हणून स्वतःचा नफा कापून दिलेला भाव. कास्टिंगचा दर सहसा किलोवर ठरतो. भंगार, पिग आयर्न आणि वीज महागली की असा भाव पुढे अंगावर येतो. वरच्या उताऱ्यातील मालकाची घालमेल यातूनच आलेली आहे. म्हणून ‘आक्रमक’ हा प्रतिशब्द आम्ही मुद्दाम टाळला. त्यात राग दिसतो, तोटा दिसत नाही. ‘कॉम्पिटिशन’ हा शब्द मात्र मालक-कामगार दोघांच्या तोंडी नुसत्या स्पर्धेच्या अर्थाने येतो, त्याला वेगळा खुलासा नको. पुढे शाहू स्टेडियमवरील फुटबॉल सामन्याच्या वर्णनात हरलेल्या संघाने ‘फाईट दिली’ असे वाक्य आहे. तिथे ती शाबासकी समजावी.