चंपेचे राजे आणि उत्तरेची सरहद्द

आजच्या व्हिएतनामच्या मध्यभागी, एका अंगास पर्वतराजी आणि दुसऱ्या अंगास समुद्र अशा चिंचोळ्या किनारपट्टीवर ज्या चाम लोकांनी हजार वर्षांहून अधिक काळ चंपा नावाचे राज्य चालविले, ज्यांनी ‘मी सोन’ या स्थळी भद्रेश्वर शिवाची स्थापना केली, संस्कृतात शिलालेख कोरविले आणि कालगणनेस आपल्याकडे चालतो तोच शक वापरला, त्यांचा इतिहास आपल्या वाचकांस बहुधा देवालयांपुरताच ठाऊक असतो. परंतु उत्तरेच्या दाइ व्हिएत राज्याशी त्यांनी पाच शतके दिलेली झुंज मला त्या देवालयांइतकीच मननीय वाटते.

इ. स. 982 मध्ये दाइ व्हिएतच्या सैन्याने चंपेची तेव्हाची राजधानी इंद्रपूर लुटली. 1069 मध्ये त्याच शत्रूच्या कैदेत पडलेल्या चामराजा रुद्रवर्म्यास सुटकेपायी तीन परगणे द्यावे लागले. पुढे मंगोलांच्या स्वाऱ्यांनी दोन्ही राज्यांस काही काळ जवळ आणले आणि 1306 साली दाइ व्हिएतवर राज्य करणाऱ्या त्रान घराण्याची राजकन्या ह्वेन त्रान चंपेच्या तिसऱ्या जयसिंहवर्म्यास दिली गेली. या लग्नात आंदण वराकडून वधूच्या माहेरी गेले, आणि तेही आजच्या ह्वे शहराच्या परिसरातील दोन प्रांतांचे! वर्षभरात राजा वारला. राणीस सती जावे लागेल या भयाने त्रान दरबाराच्या सरदाराने तिला युक्तीने परत नेले. प्रांत मात्र गेले ते गेलेच, कारण दरबाराने तेथे तत्काळ अंमलदार नेमले, रयतेस जमिनी वाटल्या आणि तीन वर्षांचा सारा माफ केला. चंपेचा खरा पराभव मला या सारामाफीत दिसतो.

नाही तर रणांगणावर चाम कोठे उणे होते? 1360 च्या सुमारास तख्तावर आलेल्या चे बोंग न्गाने 1371 मध्ये आरमारासह थांग लोंग, म्हणजे आजचे हनोई, गाठून राजवाडा जाळला. 1377 मध्ये राजा पळाला अशी हूल उठवून त्याने त्रान सम्राटास चंपेची राजधानी ‘विजय’ या नगरापर्यंत ओढून आणले आणि तेथे दबा धरून ठार केले. तथापि राजधानी जिंकावी, लूट गलबतांत भरावी आणि परतावे, हीच त्याची रीत. जिंकलेल्या मुलखाची घडी बसविणारे दप्तर त्याच्यापाशी नव्हते. 1390 मध्ये एका फितुराने शत्रूस त्याचे हिरव्या रंगाचे जहाज दाखवून दिले, तोफा त्याच जहाजावर एकवटल्या आणि राजा पडला. त्याच्या सेनापतीने तख्त बळकावले, तर पोटच्या मुलांना ज्या दरबाराशी बापाने हयातभर वैर केले त्याच दरबाराचा आश्रय घ्यावा लागला. एका पुरुषाच्या पराक्रमावर तोललेले राज्य त्याच्यामागे किती लवकर खचते, याचे याहून दुःखद उदाहरण मला आठवत नाही.

शेवटी 1471 मध्ये दाइ व्हिएतचा सम्राट ले थान्ह तोंग याने ‘विजय’ नगर घेतले, राजा त्रा तोआन यास कैद केले आणि हजारो लोकांचे शिरकाण केले. दक्षिणेकडे पांडुरंग नावाचे चाम संस्थान मात्र त्यानंतरही साडेतीन शतके टिकून राहिले. व्हिएतनामच्या मिन्ह मांग बादशहाने ते 1832 मध्ये खालसा केले.